मंडळाच्या शिबिरात मुलींना एअर रायफल आणि स्वसंरक्षण शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

भांडुपकर (प्रश्न, शनिवार रात्री ११.१०)

नमस्कार. मी भांडुप पश्चिमेला राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. कॉलेजात तीन वर्षं एनसीसीत होते. फायरिंग कॅम्पला जमिनीवर पालथं झोपून पॉइंट टू-टूची रायफल चालवली आहे, अनुभव म्हणाल तर तेवढाच. त्यालाही आता सोळा वर्षं झाली.

मागच्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या एका मुलीच्या मागे एक माणूस स्टेशनच्या जिन्यापासून थेट आमच्या गेटपर्यंत आला. मुलगी सुखरूप आहे, पण क्लासला एकटी जायला तयार नाही. त्यानंतर महिला मंडळाने मे महिन्यात चार रविवारांचं शिबिर ठरवलं आणि एनसीसीवाली म्हणून ते माझ्या गळ्यात आलं. नावं आली आहेत २२. सगळ्यात लहान १३ वर्षांची, सगळ्यात मोठ्या आजी ६१ च्या.

सोसायटीतल्या एका काकांकडे एअर रायफल आहे. ते म्हणाले, "पोरींना बंदूक चालवायला शिकवा, कोणाची वाटेला जायची हिंमत होणार नाही." गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या भिंतीला गादी टेकवून नेम धरायचा, असं ठरलं. खरं सांगते, मलाही उत्साह आला होता. काल रायफल बघायला त्यांच्याकडे गेले, तर त्यांचा आठ वर्षांचा नातू पलंगावर बसून पंख्यावर नेम धरत होता. बोट थेट घोड्यावर. काकू बाजूला कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काका हसून म्हणाले, "रिकामी आहे गं." माझ्या पोटात गोळा आला. रात्रभर झोप नाही.

विचारायचं ते असं. गच्चीवर हे करावं का? सुरुवात कशाने करावी? बंदूक आणि स्वसंरक्षण यांना किती किती वेळ द्यावा? आणि चार रविवारांत थोडंसं शिकवून मी या मुलींना खोटा धीर तर देणार नाही ना? ज्यांनी हे प्रत्यक्ष शिकवलंय त्यांनी कृपया सांगा.

नेमबाज_दादर (रविवार सकाळी ७.२५)

गच्चीवरचा तास रद्द झाला असं मंडळाला आजच कळवून टाका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी २६ वर्षं नवशिक्यांना एअर रायफल शिकवते आहे. शाळांची उन्हाळी शिबिरं, कॉलेजच्या मुली, निवृत्तीनंतर हौसेने आलेले बँकेतले लोक, सगळे शिकून गेले. त्या अनुभवावरून सांगते, नवशिक्याचे पहिले दहा छर्रे कुठे जातील हे त्यालाही ठाऊक नसतं आणि मलाही. गादी तीन फुटांची असते, चूक तिच्यापेक्षा मोठी असते. छर्रा हातात घेतला तर बोटाच्या पेरावर मावतो, पण कठड्यावरून सुटला की गल्ली ओलांडून समोरच्या इमारतीच्या खिडकीत सहज पोचतो. त्या खिडकीत कोण भाजी निवडत बसलंय हे गच्चीवरून दिसत नाही. डोळ्याला लागला तर डोळा जातो. भिंतीवर लागून उलटला तर बघणाऱ्यांपैकी कोणाला तरी लागतो. भांडुपसारख्या एकाला एक चिकटलेल्या वस्तीत उघड्यावर नेमबाजी होऊच शकत नाही.

दुसरं, हे दोन विषय एकमेकांपासून सोडवा. एअर रायफल हे खेळाचं साधन आहे. अंतर १० मीटर, छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि कागदावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. स्पर्धेची रायफल साडेपाच किलोपर्यंत असते. पाय रोवायचे, कंबर स्थिर करायची, श्वास अर्धा सोडून थांबायचं, आणि मग कुठे बोट हलतं. एवढा वेळ जिन्यावर कोण देतो? तुमच्या इमारतीतल्या त्या मुलीला रायफलने स्टेशनवर काहीही मदत होणार नाही. रायफलने तिला एकाग्रता मिळेल, आपल्याला एक अवघड गोष्ट जमते हे कळेल, आणि आयुष्यात कधी कोणाच्या घरी बंदूक दिसली तर काय करायचं आणि काय नाही हे कळेल. तेही मोलाचं आहे. पण "बंदूक शिकलीस, आता घाबरू नकोस" असं तिला म्हणालात, तर ज्या खोट्या धीराची तुम्हाला भीती वाटते तो तुम्हीच दिलात असं होईल.

आता सुरुवात. माझ्या पहिल्या तासाला रायफल नसतेच. झाडूच्या काठ्या असतात, मीटरभर कापलेल्या, एका टोकाला लाल चिकटपट्टी. लाल टोक म्हणजे नळीचं तोंड. हॉलमध्ये खुर्च्या वेड्यावाकड्या मांडते आणि मुलांना काठी घेऊन त्यांतून चालायला लावते. मध्येच मागून नावाने हाक मारते. हाक आली की माणूस वळतो, त्याच्याबरोबर काठी वळते, आणि लाल टोक तीन-चार जणांच्या पोटावरून फिरून जातं. मी "थांबा" म्हणते. ज्याची काठी फिरली त्याने कोणाकोणावरून फिरली त्यांची नावं घ्यायची, मोठ्याने. पहिल्यांदा हसतात. स्वतःच्या धाकट्या बहिणीचं नाव घ्यावं लागलं की हसू थांबतं. चाळीस मिनिटं एवढंच करते, पालक दारातून बघून कुरकुरतात तरी करते.

त्याच तासाला चार प्रश्न पाठ करून घेते. तोंड कुठे? बोट कुठे? आत काय? मागे काय? रायफल उचलण्याआधी चारही प्रश्नांची उत्तरं तोंडाने द्यायची. पाढे म्हणतात तसं म्हणून घ्या. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

"बोट कुठे" या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आपल्याकडे बहुतेकांनी पहिली बंदूक हातात घेतलेली असते ती चौपाटीवर नाहीतर जत्रेत, फुगे फोडायच्या स्टॉलवर. स्टॉलवाला बंदूक भरून हातात देतो, आपण घेतो आणि बोट आपोआप घोड्यावर जातं. तिसरीतलं पोर आणि पन्नाशीतला अधिकारी, दोघांचं सारखंच. म्हणून मी एक करून दाखवते. डाव्या हातात लिंबू द्यायचं, उजवा हात काठीवर, तर्जनी वाकवून. मग एकदम टाळी वाजवायची. दचकून डावी मूठ आवळली जाते आणि त्याच क्षणी उजवं बोटही आवळतं. प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. त्यानंतर "बोट लाकडावर सरळ ठेव" हे दहादा सांगावं लागत नाही. नेम कागदावर बसेपर्यंत बोट घोड्याच्या बाहेर, अगदी रिकाम्या रायफललासुद्धा.

"आत काय" हा प्रश्न मी स्वतः चुकले होते. एका शाळेच्या शिबिरात, ११ वर्षांपूर्वी. एका मुलाला मी पाच छर्रे मोजून दिले होते, त्याचे पाच आवाज मी मोजले होते. तो म्हणाला, "बाई, रिकामी आहे." मी मान डोलावली, रायफल हातात घेतली आणि स्प्रिंग सोडवायला घोडा ओढला. शेजारच्या मुलाने त्याला एक छर्रा जास्त दिला होता. तो बाकाच्या लाकडात घुसला. तिथून दोन फुटांवर एका मुलीचा पाय होता, मोजे काढून बसली होती. मी त्याच क्षणी तास बंद केला, संध्याकाळी तिच्या घरी जाऊन आई-वडिलांना सगळं सांगितलं. ते रागावले आणि त्यांचं बरोबर होतं. चूक त्या मुलाची नव्हती. मी त्याच्या शब्दावर विसंबले, नळीत बघितलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे दोरीशिवाय रायफल टेबलावर ठेवत नाहीत. गवत कापायच्या यंत्राला लागते ती जाड नारिंगी नायलॉनची दोरी. नळी उघडायची आणि दोरी आरपार घालायची, दोन्ही टोकं बाहेर दिसली पाहिजेत. आत छर्रा असेल तर दोरी जातच नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही अशी दोरी बंधनकारक आहे. ती लांबून दिसते आणि खोटं बोलत नाही. सगळ्यांच्या नळ्यांत दोरी दिसल्याशिवाय कोणीही कागद आणायला पुढे जायचं नाही, मीसुद्धा नाही.

काकांची रायफल नळी खाली वाकवून भरायची असेल, तर आणखी एक. नळी उघडी असताना चुकून घोडा ओढला गेला तर ती फटकन वर येऊन मिटते आणि बोटं सापडतात. भरताना नळी एका हाताने घट्ट धरून ठेवायची.

चष्मे सगळ्यांना, बघणाऱ्यांनाही. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात साबणाने धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. आणि "स्टॉप" म्हणायचा अधिकार सगळ्यांना द्या. ते ऐकलं की बोट बाहेर, तोंड लक्ष्याकडेच, कोणी जागचं हलायचं नाही. मी प्रत्येक तासाला सगळ्यात लहान मुलाला गुपचूप सांगून ठेवते, मध्येच केव्हातरी "स्टॉप" ओरड म्हणून. मोठी माणसं लहानाचं ऐकून थांबतात का, ते मला बघायचं असतं.

प्रत्यक्ष छर्रा चालवायचा तो रेंजवरच. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, शिवाजी पार्कला सावरकर स्मारकातही नेमबाजीची सोय आहे. आधी फोन करून नवशिक्यांच्या गटाला कधी घेतील ते विचारा आणि चौथ्या रविवारी सगळ्यांना घेऊन जा. तुम्ही एनसीसीतल्या, म्हणून मुद्दाम सांगते: ऑलिम्पिकपर्यंत गेलेल्या नेमबाज अंजली भागवत यांची सुरुवातही दादरच्या कीर्ती कॉलेजातल्या एनसीसीतूनच झाली. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला स्वप्नील कुसाळेंनी रायफलच्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून) कांस्यपदक आणलं, तेव्हापासून माझ्याकडे चौकशी करणारे वाढलेत. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. मुलींना त्यांच्याबद्दल सांगा, त्यांना आपलंसं वाटतं.

शेवटी त्या काकांचं. मीटिंगमध्ये विषय काढू नका, माणूस दुखावला की ऐकत नाही. घरी जा. रायफल कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात, किल्ली खिळ्याला टांगायची नाही, आणि नातवाच्या हातात मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय कधीच नाही. एवढं झालं तर शिबिरातलं अर्धं काम झालं असं मी म्हणेन.

परळ_ते_बदलापूर (रविवार दुपारी ३.४०)

वरच्या ताईंनी बंदुकीचं सांगितलं, मी रस्त्याचं सांगते. मी परिचारिका आहे, दुपारची पाळी संपवून रात्री उशिराच्या गाडीने बदलापूरला जाते. बारा वर्षं झाली.

चार वर्षांपूर्वी कामाच्या ठिकाणी आमच्यासाठी दोन दिवसांची स्वसंरक्षण कार्यशाळा झाली. शिकवणारा चांगला होता, पण त्याने चौदा डाव दाखवले. गळा धरला तर हे, केस धरले तर ते, मागून मिठी मारली तर तिसरंच. आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. सहा महिन्यांनी स्टेशनच्या पुलावर एकाने माझं मनगट धरलं तेव्हा चौदापैकी एकही डाव आठवला नाही. मी नुसती उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, मला तर खूप वाटला. मग तोंडातून काय बाहेर पडलं असेल? "अहो, सोडा ना." मनगट धरणाऱ्या माणसाला मी अहो-जाहो करत होते!

त्याने आणखी घट्ट धरलं तेव्हा मी ओरडले, "ए, हात सोड!" पुलावरची माणसं वळली. त्याची पकड सैल झाली, मी मनगट त्याच्या अंगठ्याच्या बाजूला फिरवून ओढलं आणि सुटले. कार्यशाळेतलं एवढंच शरीराला आठवत होतं, कारण ते आम्ही तीसेक वेळा केलं होतं. चार बोटांची पकड घट्ट असते, अंगठ्याकडे फट असते, तिथून सुटायचं.

म्हणून माझं सांगणं, तीनच गोष्टी शिकवा आणि शंभर वेळा करून घ्या. आवाज, मनगट सोडवणं, आणि पळायचं कुठे ते. आवाजाला पूर्ण एक रविवार द्या. आपल्याकडच्या बायकांना मोठ्याने बोलू नको हे लहानपणापासून शिकवलेलं असतं, गळाच उघडत नाही. गच्ची रिकामी आहेच, तिथे एकेकीला उभं करा आणि "ए, मागे हो!" ओरडायला लावा. एकेरीतच, "ना" आणि "प्लीज" न लावता. पहिल्यांदा चिरका येतो, काही जणी रडतातसुद्धा. रडू द्या, मग पुन्हा ओरडायला लावा.

गर्दीला नुसतं "वाचवा" म्हटलं तर जो तो दुसऱ्याकडे बघतो. एकाला धरून सांगायचं. "निळा शर्टवाले दादा, पोलिसांना फोन लावा." "हिरव्या साडीतल्या ताई, इकडे या." मी हे नंतर शिकले.

मुलींना एक नक्की सांगा, कोणी त्या वेळी गोठून गेली तर त्यात तिचा दोष नाही. शरीर तसं करतं. मी रोज अपघात विभागात बघते, धडधाकट पुरुषही गोठतात. तुमच्या इमारतीतल्या त्या मुलीला "तू ओरडली का नाहीस" असं कोणी विचारत असेल, तर ते आधी बंद करा.

आणि रात्री मी ठरवून महिला डब्यात पोलीस किंवा होमगार्ड उभा असेल तिथे चढते, चालायला दोन डबे जास्त पडले तरी. फलाटावर जिन्याच्या मागे उभी राहत नाही. चहाच्या स्टॉलच्या उजेडात उभी राहते.

वकील_गोरेगाव (रविवार संध्याकाळी ६.०५)

कायद्याचं थोडं सांगतो, कारण अशा शिबिरांत चुकीचं सांगितलेलं मी ऐकलं आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पूर्वी दंडसंहितेत ९६ ते १०६ होता. मुलींना सोप्या भाषेत एवढं सांगा: स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवायला मारणं हा गुन्हा नाही. पण वाचण्यासाठी लागेल तेवढंच. हल्लेखोर पळाला की हक्क संपला, मागे धावून चौघींनी मिळून त्याला बदडणं यात बसत नाही. जिवाची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची, ॲसिड फेकलं जाण्याची रास्त भीती असेल तिथे कायदा जास्त मोकळीक देतो. "रास्त भीती" हे शब्द महत्त्वाचे आहेत, प्रत्यक्ष वार होईपर्यंत थांबायला कायदा सांगत नाही.

त्या मुलीचा पाठलाग झाला, त्याला कलम ७८ आहे. पुन्हा झाला तर वाट बघू नका. मुंबईत महिलांसाठी १०३, कुठूनही ११२, रेल्वेत १३९. घटना पुलावर घडली की रस्त्यावर, हद्द कोणाची, यावरून तुम्हाला परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, त्याच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीबाहेरची तक्रारही नोंदवून घ्यावी लागते. हे वाक्य मुलींना पाठच करून द्या.

बंदुकीबद्दल. खऱ्या बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, मुंबईत तो पोलीस आयुक्तांकडून मिळतो, वय २१ पूर्ण हवं, आणि २०१६ च्या नियमांनुसार सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, म्हणून लोक तिला खेळणं समजतात. परवाना लागत नाही याचा अर्थ जबाबदारी लागत नाही असा होत नाही. गच्चीवरून सुटलेल्या छर्र्याने कोणी जखमी झालं तर निष्काळजीपणाचा गुन्हा रायफल हातात असलेल्यावर येईल, आणि शिबिर घेणाऱ्यालाही प्रश्न विचारले जातील.

पर्समध्ये चाकू ठेवा असा सल्ला कोणी देऊ लागलं तर थांबवा. झटापटीत तो कोणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही.

भांडुपकर (सोमवार रात्री १०.५०)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीनदा वाचलं, वहीत उतरवून घेतलं.

काल संध्याकाळी काकांकडे गेले. बरोबर झाडूची काठी आणि लिंबू नेलं होतं. काकांना काही बोलले नाही, नातवाला म्हटलं चल, एक गंमत दाखवते. काठी दिली, लिंबू दिलं, टाळी वाजवली. त्याचं बोट आवळलं. मग काकांना म्हटलं, तुम्ही करा. त्यांचंही आवळलं. दोनदा केलं, दोन्ही वेळा. ते बराच वेळ गप्प बसले. मग उठून कपाटावरची रायफल काढली, नळी उघडून उजेडाकडे धरली आणि मला म्हणाले, "तू बघ." मी बघितली, रिकामी होती. आज सकाळी त्यांनी लोखंडी कपाटाला नवीन कुलूप लावून घेतलं. छर्र्यांचा डबा काकूंच्या ताब्यात आहे, कुठे ठेवलाय ते काकांनाही सांगायचं नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलंय.

मंडळाला गच्ची रद्द म्हणून कळवलं. दोघीतिघी नाराज झाल्या, म्हणाल्या मग शिबिरात उरलं काय? त्यांना परळच्या ताईंचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. "अहो, सोडा ना" आलं तेव्हा खोलीत कोणी काही बोललं नाही. नंतर आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, माझ्याही तोंडून हेच आलं असतं.

आता असं ठरलंय: पहिला रविवार फक्त आवाज. दुसरा मनगट आणि पळण्याचे रस्ते, त्यासाठी स्टेशनपर्यंत सगळ्यांनी मिळून चालत जायचं आणि उजेडाची दुकानं कुठली ते बघायचं. ही कल्पना त्या मुलीचीच. ती यायला तयार आहे. तिसरा काठ्या, चार प्रश्न आणि कायदा. चौथा रेंज, परवानगी मिळाली तर.

एक अडलंय. ६१ च्या आजींचे गुडघे गेलेत. पळ म्हणून त्यांना सांगता येत नाही, काठी घेऊन खुर्च्यांतून वळताही येणार नाही. पण पहिलं नाव त्यांनीच दिलं होतं. त्यांना काय देऊ?

परळ_ते_बदलापूर (सोमवार रात्री ११.३०)

आजींना पाठ भिंतीला लावून उभं राहायला शिकवा, पिशवी पोटाशी, एक हात कठड्यावर. गुडघे दुखणाऱ्याला कोणी ढकललं तर पडणं हाच मोठा धोका. आणि आवाज तर त्यांनाही आहे. आमच्या वॉर्डात सगळ्यात मोठा आवाज सत्तरीतल्या बायकांचाच असतो.

नेमबाज_दादर (मंगळवार सकाळी ७.१०)

तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी आजींना खुर्ची द्या, सगळ्यांच्या मागे, मधोमध. त्यांचं काम लाल टोकांवर नजर ठेवायचं आणि "स्टॉप" म्हणायचं. माझ्या शिबिरात एक आजोबा होते, काठी टेकत यायचे, त्यांनाही मी हेच काम दिलं होतं. एकदाही रायफल हातात घेतली नाही त्यांनी, पण माझ्याआधी त्यांना दिसायचं कोणाची नळी फिरली ते. मुलं त्यांना घाबरायची. आजींना खांद्याला रायफल लावायची इच्छा असेल तर रेंजवर टेबलाशी बसून, टेकूवर ठेवून घेता येते. विचारून बघा, नाही म्हणणार नाहीत असं वाटतं.

दोरी विकत घेऊ नका, माझ्याकडे अख्खं रीळ पडलंय. तिसऱ्या रविवारी मला सुट्टी आहे, वीसेक तुकडे कापून घेऊन येते. काठ्यांना लाल पट्टी तेवढी लावून ठेवा. भांडुपला पश्चिमेला उतरायचं ना?